खते आणि हवा : गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमधील चिखलणीपासून प्रश्न यायला सुरुवात होते आणि डिसेंबरात वायंगणीची, म्हणजे उन्हाळी भाताची, लावणी सुरू झाली की त्यांची दुसरी लाट येते. काही प्रश्न शेतकऱ्यांचे असतात, तर काही शेताला लागून घर बांधलेल्या शेजाऱ्यांचे. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे खाली दिली आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसऱ्या उत्तरात लागला, तर तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खत तर जमिनीत घालतात. मग त्याचा हवेशी संबंध कसा येतो?

हा संबंध येतो तो नत्रामुळे, म्हणजे नायट्रोजनमुळे. युरियाचा दाणा ओल्या मातीवर पडला की विरघळतो आणि मातीतील सूक्ष्मजीव व कुजणारा पालापाचोळा यांच्यातून आलेले युरिएज नावाचे विकर त्याचे अमोनियम कार्बोनेटमध्ये रूपांतर करते. ही क्रिया उबदार हवेत काही तासांत सुरू होऊन दोनचार दिवसांत बहुतांशी पूर्ण होते. ती चालू असताना दाण्याभोवतालची माती अल्कधर्मी बनते, आणि अल्कधर्मी ओलाव्यात अमोनियम टिकत नाही. त्याचा अमोनिया वायू होऊन तो वर निघून जातो. हीच क्रिया चार बोटे मातीखाली घडली, तर तो अमोनिया मातीचे कण धरून ठेवतात आणि पिकाची मुळे यथावकाश वापरतात. म्हणजे तोच युरिया आणि तेच शेत असले, तरी खत मातीच्या वर पडले की खाली गेले यावर हवेत काय जाणार हे ठरते.

याशिवाय मातीतील जिवाणू नत्रावर पुढील प्रक्रिया करतात, तेव्हा नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड हे आणखी दोन वायू सुटतात. त्यांच्याविषयी प्रश्न १३ पाहावा.

२. सगळीच खते हवेत जातात का?

नाही. सिंगल सुपर फॉस्फेट आणि म्युरिएट ऑफ पोटॅश यांत नत्रच नसल्यामुळे त्यांच्यापासून अमोनिया निघण्याचा प्रश्न येत नाही. डीएपीमध्ये (डायअमोनियम फॉस्फेट) १८ टक्के नत्र असते, परंतु ते अमोनियमच्या रूपात असल्याने आपल्याकडील आम्ल मातीत त्याचे नुकसान युरियापेक्षा बरेच कमी होते. अमोनियम सल्फेटचेही तसेच आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते, तो सर्वांत स्वस्त मिळतो आणि बहुधा वरून फेकला जातो. त्यामुळे पुढील बहुतेक उत्तरे युरियाविषयीच आहेत.

३. अमोनिया हवेत विरून जातो ना? मग खतामुळे धूलिकण वाढतात असे का म्हणतात?

अमोनिया वायुरूपात फार काळ राहत नाही. त्याचा काही भाग जवळच्या झाडापानांवर व जमिनीवर बसतो. उरलेला भाग हवेतील आम्लांना जाऊन मिळतो. वाहने, जहाजे, कारखाने व वीजकेंद्रे यांच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांपासून हवेत गंधकाम्ल व नायट्रिक आम्ल तयार होते. त्यांच्याशी अमोनियाचा संयोग झाला की अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांचे अतिसूक्ष्म कण बनतात. हे कण पीएम २.५ या वर्गात मोडतात, म्हणजे त्यांचा व्यास अडीच मायक्रोमीटरपेक्षा कमी असतो. ते फुप्फुसात खोलवर जातात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर प्रवास करतात.

याचे ठळक उदाहरण पॅरिसचे आहे. २०१४ च्या मार्च महिन्यात तेथे धूरके इतके दाटले की सरकारला सम-विषम क्रमांकानुसार गाड्या चालवण्याचा नियम लावावा लागला. त्या धूरक्यात अमोनियम नायट्रेटचा वाटा मोठा होता. वसंतातील खते घालण्याचा हंगाम आणि शहरातील डिझेलचा धूर त्या वेळी एकत्र आले होते. यात शेत एकटे दोषी नव्हते आणि गाड्याही एकट्या दोषी नव्हत्या. कण तयार व्हायला दोन्ही लागले.

४. हा प्रश्न उत्तर भारताचा आहे. गोव्याची हवा खतांमुळे खरोखर बिघडते का?

गोव्याच्या हवेतील धुळीची मुख्य कारणे खते नव्हेत. खनिज व कोळशाची हाताळणी, रस्त्यांची व बांधकामांची धूळ, वाहने आणि उघड्यावर जाळला जाणारा कचरा ही कारणे त्यांच्या आधी येतात. उपग्रहांच्या नकाशात जगातील अमोनियाचा एक सर्वांत दाट पट्टा गंगेच्या मैदानावर दिसतो. आपली तुकड्यातुकड्यांची भातशेती त्या पंक्तीला बसत नाही.

हवामानही आपल्या बाजूने आहे. पावसाळ्यात अमोनिया व कण दोन्ही धुऊन निघतात. अमोनियम नायट्रेटला थंडी व दमटपणा मानवतो आणि उष्णतेत त्याचे पुन्हा वायूंत विघटन होते, त्यामुळे पॅरिससारखी स्थिती आपल्याकडे सहजासहजी येत नाही. समुद्रावरून आलेले मिठाचे कणही हवेतील बरेचसे नायट्रिक आम्ल आपल्याकडे ओढून घेतात.

तरीही आपला वाटा शून्य आहे असे म्हणून मोकळे होता येणार नाही. अमोनियम सल्फेट उष्णतेतही टिकते आणि त्याला लागणारे गंधक मुरगाव बंदरात येणाऱ्या जहाजांच्या धुरातूनही मिळते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन साचून राहते. रात्रभर मतलई वारे आतल्या भागातून किनाऱ्याकडे वाहतात, आणि वायंगणीच्या खताचे दिवसही नेमके हेच असतात. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ असावी असे सुचवले. या दोन आकड्यांतील अंतर पाहिले की लहान वाटाही मोजावा लागतो हे पटते. आणि इतर कारणांवर उपाय करायला खर्च येतो, तर या कारणावर उपाय केला की शेतकऱ्याचेच पैसे वाचतात. माझ्या मते हा विषय गोव्यात काढण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

५. मोबाइलवरील हवेच्या निर्देशांकात अमोनिया दिसतो का?

भारताच्या हवा गुणवत्ता निर्देशांकात अमोनिया हा आठ प्रदूषकांपैकी एक आहे. परंतु निर्देशांकाचा आकडा सर्वांत वाईट स्थितीतील प्रदूषकावरून ठरतो, आणि अमोनिया घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅमपर्यंत असला तरी ‘चांगला’ याच वर्गात धरला जातो. त्यामुळे शेतातून अमोनिया निघत असतानाही निर्देशांक तो दाखवेल असे नाही. त्याचे पुढे जे कण होतात, ते मात्र पीएम २.५ च्या आकड्यात मोजले जातात.

६. युरिया घातल्यावर शेतात कसलाही वास येत नाही. मग तो उडतो हे कशावरून?

वास हे भरवशाचे माप नव्हे. अमोनियाचा वास बहुतेकांना हवेत त्याचे प्रमाण पाच पीपीएमच्या (दहा लाख भागांत पाच भाग) आसपास पोहोचल्यावर जाणवू लागतो, काहींना त्याहून पुष्कळ वाढल्यावर. उघड्या शेतात वारा त्याला तेवढे साचू देत नाही. ज्यांचा विश्वास बसत नाही, त्यांनी घरीच एक प्रयोग करून पाहावा.

झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या घ्याव्यात. दोन्हीत आपल्या शेतातील ओलसर माती चार बोटे भरावी. एकीत चमचाभर युरिया मातीवर पसरावा. दुसरीत तेवढाच युरिया तळाशी घालून वर माती दाबावी. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या दोन पट्ट्या पुन्हा किंचित ओल्या करून झाकणांच्या आतल्या बाजूला चिकटवाव्यात आणि बरण्या घट्ट बंद करून सावलीत ठेवाव्यात. दोनतीन दिवसांत पहिल्या बरणीतील पिवळी पट्टी तांबूस तपकिरी होते, कारण अमोनिया अल्कधर्मी आहे आणि हळद अल्काला तोच रंग दाखवते. दुसरीतील पट्टी पुष्कळ उशिरा आणि फिकट बदलते, किंवा बदलतही नाही. झाकण उघडताना नाक जवळ नेऊ नये.

७. एका गोणीतले नेमके किती नत्र हवेत जाते?

याला एकच आकडा नाही. वरून फेकलेल्या युरियातील साधारण १० ते ४० टक्के नत्र उडू शकते आणि साचलेल्या, उन्हाने तापलेल्या पाण्यात नुकसान याहूनही वाढते. अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडू. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. त्यातील पाचवा हिस्सा गेला असे धरले, तर ४.१ किलो नत्र, म्हणजेच सुमारे पाच किलो अमोनिया, हवेत गेला आणि ९ किलो युरिया वाया गेला. युरियावर सरकारी अनुदान मोठे असल्याने शेतकऱ्याच्या खिशाला हे नुकसान फारसे बोचत नाही. ‘पीक पिवळे दिसते, अजून एक ओंजळ टाक’ ही सवय त्यातूनच लागते.

८. मग युरिया केव्हा आणि कसा घालावा?

सरद, म्हणजे पावसाळी, हंगामात भाताचा पहिला हप्ता शेवटच्या चिखलणीच्या वेळी मातीत मिसळून द्यावा. पुढचे हप्ते फुटवे येताना व लोंबी पोटात असताना देताना आधी बांधाचे तोंड उघडून पाणी काढावे, चिखल नुसता ओला ठेवावा, युरिया टाकून पायाने किंवा कोनोविडरने (हाताने ढकलायच्या कोळपणीच्या अवजाराने) चिखलात मिसळावा आणि एकदोन दिवसांनी पाणी घ्यावे. भरलेल्या पाण्यात युरिया फेकणे ही सर्वांत वाईट पद्धत असून आपल्याकडे तीच सर्वांत जास्त दिसते.

पावसाचा अंदाज घेऊन हप्ता देणे चांगले, पण कोणता पाऊस हे महत्त्वाचे. एखादी हलकी सर युरियाला मातीत नेऊन सोडते. धो धो पाऊस अपेक्षित असेल तर थांबावे, कारण मग नत्र हवेत न जाता वहाळात जाते, आणि तो काही उपाय झाला नाही.

वायंगण भातात अधिक काळजी हवी. ऊन कडक, आभाळ निरभ्र, दुपारी वारा, आणि खत धुऊन खाली नेणारा पाऊस नाही. या हंगामात खत सायंकाळी द्यावे आणि हप्ते लहान करावेत.

चार चुडांच्या, म्हणजे लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या, मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खताची गोळी, म्हणजे ब्रिकेट, पुरण्याची पद्धत कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाने रुजवली. हवेच्या दृष्टीने ती या सर्वांहून उत्तम आहे. अडचण मजुरांची आहे. रोजंदारीचा दर पाहता मोठ्या शेतात गोळ्या पुरत बसणे कोणाला परवडत नाही. घरचे हात असलेल्या लहान कुणग्यांत मात्र ते सहज जमते.

कुळागरात माडा-पोफळींच्या आळ्यात खत घालून वर माती ओढावी, पाणी द्यावे आणि मग झावळ्यांचे आच्छादन टाकावे. खत आच्छादनाच्या वर टाकू नये. कुजणाऱ्या पाचोळ्यात युरिएज भरपूर असते आणि तेथे नत्र मातीपेक्षाही लवकर उडते. ठिबक असेल तर त्यातूनच विरघळवून द्यावे.

९. गोव्याची माती आंबट आहे. आंबट मातीत अमोनिया उडत नाही असे वाचले. मग आम्हाला काळजी कशाला?

वाचलेले अर्धे खरे आहे. आपल्या जांभ्या मातीचा सामू (पीएच) बहुधा पाच ते सहाच्या आसपास असतो आणि अशा मातीत अमोनियमयुक्त खते बऱ्यापैकी सुरक्षित राहतात. युरिया मात्र स्वतःपुरती माती बदलून घेतो. प्रश्न १ मध्ये सांगितल्याप्रमाणे दाण्याभोवतीचा सामू काही दिवस आठच्या वर जाऊ शकतो, शेताची सरासरी काहीही असो. भाताच्या साचलेल्या पाण्यात आणखी एक गोष्ट घडते. दिवसा शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे दुपारी पाण्याचा सामू नऊपर्यंत चढतो आणि रात्री पुन्हा उतरतो. दुपारच्या हिरव्या पाण्यात युरिया टाकणाऱ्याला खालची माती आंबट असल्याचा काहीही फायदा मिळत नाही.

१०. आंबटपणा कमी करण्यासाठी चुना घालतो, चुलीची राखही टाकतो. युरियाबरोबर एकदमच टाकले तर एक फेरी वाचेल का?

असे कधीही करू नये. चुना आणि राख दोन्ही अल्कधर्मी असून त्यांच्याशी युरिया, डीएपी किंवा अमोनियम सल्फेट मिसळले की नत्र अमोनिया होऊन निघून जाते. अमोनियम सल्फेट व कळीचा चुना बादलीत कालवले, तर वास तिथल्या तिथे नाकात शिरतो. चुना लावणीच्या निदान दोन आठवडे आधी मातीत मिसळावा आणि राख टाकली असेल, तर मधे काही दिवस जाऊ द्यावेत. कोंबडीखतात राख मिसळून ‘वास मारण्याचा’ उपायही याच कारणाने उलटा पडतो.

याच संदर्भात राब आणि काजूखालचा पाचोळा जाळण्याविषयी विचारले जाते. तो खताचा प्रश्न नव्हे, परंतु त्या धुरातून पीएम २.५ थेट हवेत जातात आणि पाचोळ्यातील जवळजवळ सर्व नत्रही. कुजवलेला पाचोळा तेच नत्र बागेत ठेवतो.

११. आता युरिया निंबोळी तेल लावलेलाच मिळतो. म्हणजे प्रश्न मिटला ना?

२०१५ पासून देशातील सर्व अनुदानित युरिया निंबोळी-लेपित करण्यात आला. निंबोळीचा मुख्य परिणाम अमोनियमचे नायट्रेट होण्याच्या टप्प्यावर होतो. त्यामुळे नायट्रेट वाहून जाणे आणि नायट्रस ऑक्साइड सुटणे कमी होते. अमोनिया उडतो तो त्याच्या आधीच्या टप्प्यावर. उलट नत्र अमोनियमच्या रूपात जास्त दिवस राहिल्याने, खत उघड्यावर पडले असेल तर अमोनिया थोडा वाढण्याचीही शक्यता असते. लेप उपयुक्तच आहे, पण मातीत मिसळण्याचे काम तो करत नाही. अमोनियावर थेट काम करणारी द्रव्ये युरिएजला अडवणारी असतात. एनबीपीटी हे त्यांतले सर्वांत प्रचलित.

१२. नॅनो युरियाची बाटली वापरली तर हवा स्वच्छ राहील का?

फवारणीचे खत पानावर पडते आणि त्यातील नत्राची मात्राच अत्यल्प असते, म्हणून अमोनियाही अत्यल्प. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम नत्र होते; गोणीत २० किलोहून अधिक असते. बाटली गोणीची जागा घेते या दाव्यावर कृषिशास्त्रज्ञांत गंभीर मतभेद आहेत आणि मला तो दावा पटत नाही. गोणी पूर्ण बंद करण्याऐवजी माती परीक्षण करून गोणीतील मात्रा कमी करावी. त्यासाठी कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात विचारणा करावी.

१३. नायट्रस ऑक्साइडही खतातूनच निघतो म्हणतात. तो श्वासाला घातक आहे का?

शेतातून निघणाऱ्या प्रमाणात तो श्वासाला घातक नाही. त्याची अडचण वातावरणाच्या पातळीवरची आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट अधिक उष्णता अडकवतो, शतकभर टिकतो आणि ओझोनचा थरही विरळ करतो. कोरडवाहू शेतात घातलेल्या नत्राचा साधारण एक टक्का या रूपाने जातो असे धरतात. पाणी भरलेल्या भातात त्याहून कमी.

नायट्रिक ऑक्साइड हा दुसरा वायू. उन्हात तो जमिनीलगतचा ओझोन तयार व्हायला मदत करतो आणि तो ओझोन मात्र छातीला व पिकाला दोघांनाही त्रास देतो.

१४. आम्ही सेंद्रिय शेतकरी आहोत. शेणखत आणि जीवामृत वापरतो, म्हणजे आमच्याकडून अमोनिया जात नाही ना?

जातो. वातावरणाला खताची जात कळत नाही. गोमूत्रात युरियाच असतो आणि गोठ्यात शेण व मूत्र एकत्र आले की प्रश्न १ मधील क्रिया जशीच्या तशी घडते. गोठ्यात सकाळी नाकाला झोंबते तो हाच अमोनिया. कोंबडीखत तर याबाबतीत सर्वांत उग्र. उकिरडा उघडा ठेवला, शेण पातळ करून शेतावर पसरून दोन दिवस तसेच टाकले, तर पुष्कळ नत्र जाते. खड्ड्यावर माती व पाचोळा ठेवावा, गोमूत्र वेगळे धरावे आणि खत पसरल्या दिवशीच नांगराखाली घालावे. सेंद्रिय खताने माती सुधारते, हा लाभ आहेच. तो हवेच्या हिशेबात जमा करता येत नाही, एवढेच.

भातानंतर उरलेल्या ओलीवर अळसांदे (चवळी) घेणाऱ्यांना मात्र या प्रश्नातून जवळजवळ पूर्ण सूट आहे. अळसांद्यांच्या मुळांवरील गाठी हवेतून नत्र घेतात, आणि त्यावर युरिया घालणे म्हणजे पैसे घालवणे.

१५. आमच्या खाजनात (खाडीलगतच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत) कोरगुट हे खारे पाणी सोसणारे भात करतो आणि खत जवळजवळ घालत नाही. तरी भातशेतीतून मिथेन निघतो म्हणून आम्हाला दोष देतात. खरे काय?

साचलेल्या पाण्याखालच्या, प्राणवायू नसलेल्या चिखलात मिथेन तयार होतो, हे खरे. परंतु खाऱ्या पाण्यात सल्फेट असते आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्यांच्या तोंडचा घास काढून घेतात. म्हणून मानशीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, भरतीचे पाणी आत घेणाऱ्या खाजनात मिथेन गोड्या पाण्याच्या भातापेक्षा कमी निघण्याकडे कल असतो. गोड्या पाण्याच्या शेतात मधूनमधून पाणी आटू दिल्यास मिथेन घटतो, पण त्याच वेळी नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. त्यामुळे आटवण्याच्या दिवसांत युरियाचा हप्ता आखू नये. कोरगुट करणाऱ्यांना, माझ्या मते, हवेच्या नावाने बोल लावण्याचे काही कारण नाही.

१६. शेजारच्या शेतात खत घातले की मुलाचा दमा वाढतो. खतामुळेच का?

दाणेदार युरियाच्या शेताशेजारी हवेतील अमोनिया सहसा इतका नसतो की लगेच धाप लागावी. त्या सुमारास शेतात आणखी काय चालले होते हे आधी पाहावे : कीटकनाशकाची फवारणी, पाचोळ्याचा धूर, मळणीचा कोंडा, उघड्यावर टाकलेले कोंबडीखत. यांपैकी बहुतेक दमेकऱ्यांना अधिक त्रासदायक असतात. तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपून ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. शेजाऱ्याला दोन दिवस आधी कळवण्याची विनंती केली, तर बहुतेक जण ऐकतात. धूर किंवा दुर्गंधी कायमचीच असेल, तर पंचायतीत व राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करता येते.

१७. वास्को भागात राहतो. खत कारखान्यासाठी येणाऱ्या अमोनियाची भीती वाटते. शेतातला अमोनिया आणि तो एकच का?

रसायन एकच, धोका पूर्णपणे वेगळा. शेतातून तो थोडाथोडा, दिवसेंदिवस निघतो. कारखान्यासाठी तो दाबाखाली किंवा थंड करून द्रवरूपात नेला-साठवला जातो, आणि गळती झाली तर काही मिनिटांत जीवघेणा ठरू शकतो. २०१८ च्या जानेवारीत चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा आसपासच्या रहिवाशांना मध्यरात्रीनंतर घरे सोडावी लागली होती.

अमोनिया हवेपेक्षा हलका असला, तरी गळतीचा थंड ढग सुरुवातीला जमिनीलगत सरकतो. म्हणून वाऱ्याच्या दिशेने पळू नये. वाऱ्याला आडवे जाऊन ढगाबाहेर पडावे. नाकातोंडावर ओले फडके धरावे, कारण अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. बाहेर पडणे शक्य नसेल, तर दारे-खिडक्या लावून फटींत ओली फडकी कोंबावीत, पंखे व वातानुकूलन यंत्र बंद करावे आणि ११२ किंवा अग्निशामक दलाच्या १०१ क्रमांकावर कळवावे. डोळ्यांत गेला असल्यास निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन मगच रुग्णालय गाठावे.